धवलारणीचा गळा

"आधी पाट, मंग गला," मांडवात पाऊल टाकलं की ती एवढंच म्हणायची आणि ओठ मिटून खांबाला टेकायची. यजमानाने पाट मांडला, सुपात तांदूळ, नारळ, साडी आणि ठरलेले पैसे ठेवले, की मगच बसायची.

तुम्ही आगरी घरातल्या हळदीला गेला असाल तर अशी बाई पाहिली असेल. धवलारीण. भटजी नंतर, आधी हिने धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गायले पाहिजेत, त्याशिवाय त्या घरांत लग्न लागत नाही. मी रत्नागिरीची, भाईंदर पश्चिमेला सून होऊन आले, आणि तिच्या भिंतीला माझी भिंत लागली. माझा आवाज ऐकून तिने मला सोबत घेतलं. तिची ओळ संपली की मी उचलायची. चुकले तर मांडीला असा चिमटा काढायची की आठवडाभर निळं.

हात लगेच उठायचा तिचा. एकदा एका वधूपित्याने हसत म्हटलं, "निम्मं गा ना, निम्मे पैसे घे."

"पोरीला निम्मीच हलद लाव. मंग बघू."

त्याने तिला दंडाला धरून खाली बसवायला पाहिलं. व्याह्यांदेखत तिने त्याच्या कानाखाली वाजवली. गाल चोळत त्यानेच पाट मांडला, सगळा मान ठेवला. काय गायली मग ती त्या दिवशी.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक घर होतं. जमीन बिल्डरला गेली, पैसा आला, तिथल्या दोन मुलींचा काका सोन्याचं कडं घालून फिरू लागला. थोरल्या पुतणीच्या हळदीला आम्ही गायलो तेव्हा तो मोबाइल समोर धरून बसला होता. आम्हाला वाटलं, आवडतंय त्याला.

पुढल्या वर्षी धाकटीची हळद. आम्हाला बोलावणं नाही. मी तिच्या दारात तिच्यासोबत सुका जवळा निवडत बसले होते, तेवढ्यात मांडवातला स्पीकर सुरू झाला. तिचा आवाज. आणि तिच्यामागे माझा.

तिचे हात जवळ्यातच थांबले. "मी हितं हाय. मंग तितं कोन?" थोडं ऐकलं आणि म्हणाली, "अगं, थोरलीचं नाव घेतंय."

धवल्यात ओळीओळीला नवरीचं नाव गुंफलेलं असतं. पाटावर धाकटी, आणि स्पीकरचा डबा हळद लावत होता थोरलीला. कोणाच्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं.

हात न धुताच ती निघाली, मी मागे. मांडवात हळद कुटायला आंब्याची पानं बांधलेलं मुसळ होतं. ते उचलून तिने स्पीकरवर घातलं. पहिल्या घावाला जाळी फुटली, तिसऱ्याला आमचा आवाज.

काका धावत आला. "म्हातारे, किमती माल आहे तो."

"नि गला?"

त्याने मुसळ हिसकलं आणि तेच तिच्या तोंडावर मारलं. करवंटी फुटावी तसा आवाज झाला. ती हळदीच्या ताटात पडली. पिवळ्यावर लाल पसरलं. मी त्याच्या मनगटाला चावले, खोटं कशाला बोलू, रक्त येईपर्यंत सोडलं नाही.

कुटणाऱ्या बायका हळदीतून हात काढून बसल्या. त्याची स्वतःची आई म्हणाली, "आता हिच्या मानाबिगर हलद लागनार न्हाय."

त्याने पाटावर दुप्पट पैसे ठेवले. ती उठून बसली, पदराने जबडा धरला. निम्मे उचलले. एकेक शब्द गिळत बोलली, "डबा गायला, हे त्याचं." उरलेले स्वतःला घेतले नाहीत, माझ्याकडे सरकवले. "हे जी गाईल तिचं."

धाकटीची हळद मी एकटीने गायली. ओळ संपली की पुढे कोणी उचलत नव्हतं.

जबडा वाकडाच सांधला. ती पुन्हा गायली नाही. कोणी हळहळलं तर भांडं फेकून मारायची.

गेल्या साली ती गेली. मला तिचा आवाज ऐकावासा वाटू लागला, अगदी रडू येईपर्यंत. म्हणून परवा पूर्वेला हाटकेशला गेले, त्या काकाच्या टॉवरमधल्या नव्या घरी. ते रेकॉर्डिंग मागितलं, तसा त्याने नजर खाली ठेवूनच मोबाइल चाळला.

"आहे मावशी, अजून आहे. नंबर सांगा, पाठवतो."

"किती देऊ?"

"आता कसले पैसे. फुकट घ्या."

बोट उचललंच होतं त्याने. मी त्याचा हात धरून बाजूला केला.

"मग नको," म्हटलं, आणि सात मजले पायी उतरले.