पान सतरावरची चूल

"यात मी नेमकं काय करायचं?" गडचिरोलीच्या मोठ्या साहेबांनी आमचा पॉलिसी ब्रीफ टेबलावर ठेवत विचारलं.

पॉलिसी ब्रीफ म्हणजे, मुलांनो, संशोधनाचं सार. साहेबानं चहा संपेपर्यंत वाचावा आणि सही करावी, एवढाच असतो. आमचा बावीस पानांचा होता. पहिली चार पानं आभारांची.

"सर, मल्टी-स्टेकहोल्डर डायलॉग सुरू करायचा," आमच्या संशोधन संस्थेचे डायरेक्टर म्हणाले.

"कोणाशी?"

"सर्वांशी."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "सोमवारी या."

विषय साधा होता. पावसाळ्यात नाले भरले की जंगलातल्या गावांची वाट बंद होते. म्हणून दिवस भरत आलेल्या बायकांसाठी दवाखान्याशेजारी एक खोली बांधली होती. आधीच येऊन राहायचं. बाया येत आणि दोन दिवसांत परत जात. का, हे शोधायला मी वर्षभर गावोगाव हिंडले होते. आता पावसाळा महिन्यावर आला होता.

ती खोली सांभाळणाऱ्या शबाना सिस्टर बाहेर बाकावर बसल्या होत्या.

"काय झालं, बाई?"

"डायलॉग करायचं ठरलं."

"अवो, बाई एकटी येतच नाई. संगं सासू येते, लहानं लेकरू येते. त्याईनं रांधाव कुठी? चुलीले जागा नाई तं सासू म्हणते, चाल घरी. हे काऊन नाई लिवलं?"

"लिहिलंय. पान सतरा, तळटीप."

"तळटिपीत सैपाक होते का, बाई?"

रविवारी बसून मी एकच पान लिहिलं. बाया का जातात, काय हवं, कोणी बांधायचं, केव्हापर्यंत. हवी होती फक्त खोलीमागे चुलीची एक शेड.

"यात आपला अभ्यास कुठे दिसतो?" डायरेक्टर हिरमुसले.

"शेडमध्ये दिसेल, सर."

तरी त्यांनी शीर्षकात 'समग्र' हा शब्द घातलाच. मी घालू दिला. समग्र शेडलाही चार खांबच लागतात.

सोमवारी साहेबांनी उभ्याउभ्या वाचलं आणि सही केली. "हे आधीच का नाही दिलं?" डायरेक्टर छताचा पंखा पाहू लागले.

नाले भरण्याआधी शेड उभी राहिली. मग एके सकाळी सिस्टरांचा फोन आला.

"बाई, एक सासू लय बोंबलून राह्यली. शेडमधी धूर कोंडते म्हणते."

"आणि सून?"

"थांबली ना! आज बाळंत झाली. पोरगी हाय. दोघी बऱ्या हायेत."

झरोक्यासाठी मी दुसरा कागद लिहिला, चार ओळींचा. माणसं तक्रार करण्याइतकी थांबली, की ब्रीफ जमला समजावं.