दार लाव

ऐंशीच्या दशकात ह्यांना इंग्लंडात लीड्सच्या हॉस्पिटलमध्ये नोकरी लागली आणि मी कॉलेजातल्या इंग्लिशच्या वर्गाला जाऊ लागले. माझ्या शेजारी एक स्पॅनिश बाई बसायची. बोलताना तिचे हात सारखे नाचत असायचे.

आमची टीचर एक खेळ घ्यायची. ‘दार लाव’ हे एकच वाक्य, पण प्रत्येकानं ते आपल्याला मिळालेल्या क्रियापदाप्रमाणे वेगळ्या तऱ्हेनं म्हणायचं. कुणी कुजबुजायचं, कुणी पुटपुटायचं. मी खेकसून दाखवलं, तर सगळे हसले. मला काय, घरचाच सराव!

एके दिवशी त्या स्पॅनिश बाईला ‘हिस’ हे इंग्लिश क्रियापद मिळालं. तिला अर्थ माहीत नव्हता.

“आवाज दबका, पण राग सापासारखा,” टीचरनं समजावलं.

तिचे हात एकदम थांबले. ओठांवर हसू ठेवून, दात न उघडता ती म्हणाली, “दार लाव.”

दाराजवळ बसलेला एक पोलिश म्हातारा उठला आणि त्यानं खरोखरच दार लावलं.

“अगदी बरोबर! कुठं शिकलात?” टीचरनं विचारलं.

“घरी. नवऱ्याकडून,” ती म्हणाली. “पोलीस येतात, विचारतात, तो ओरडतो का? मी म्हणते, नाही, ओरडत नाही. मग ते निघून जातात.”

ती टीचरकडे वळली आणि म्हणाली, “तो शब्द परत सांगा. नीट म्हणायला शिकवा.”

तेव्हापासून कुणी फार हळू बोललं, की मी आधी त्याचे दात बघते.