तुतेरूच्या शिंपल्यातलं पाणी

"रूता! ए रूता! येतेय गं, माझी पोर येतेय!"

आकाइतीमावशीने स्कूटर धड उभीसुद्धा केली नाही. सरळ माझ्या दारातल्या केळीत घुसवली आणि इंजिन तसंच धडधडत ठेवून खाली उडी मारली. हातात फोन, डोक्यावरचा फुलांचा मुकुट घसरून एका कानावर आलेला. मला वाटलं, कुणाचं घर पेटलं की काय!

"अगं बाई, आधी ते धूड बंद कर!" मी ओरडले. "कोण येतंय?"

"मोएरोआ! बाळंतपणाला! इथे, माझ्या घरी!" तिने मला अशी मिठी मारली की हातातला टॅरोचा कंद खाली पडला. "नातवंडाची नाळ इथेच पुरायची म्हणते, तुतेरूच्या कबरीशेजारी, नीरफणसाखाली. तिनेच म्हटलं हो, मी काही बोलले नाही!"

काही बोलली नाही म्हणे! ऑकलंडला राहणारी ही पोरगी बापाला मातीत ठेवायला बेटावर आली होती, त्यानंतर तिचं तोंड दिसलं नव्हतं, आणि मावशी दर रविवारी फोनवर 'ये गं' याखेरीज दुसरं काही बोलतच नव्हती.

पण माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. मावशी माझी सख्खी कुणी नाही, नुसती शेजारीण. तरी तिचा आनंद अंगावर आला की आपणही भिजतोच. तिला मुळी हळू आवाज ठाऊकच नाही. चर्चमध्ये ती गायला लागली की बाकीच्या बायका नुसते ओठ हलवतात. आणि गावात तुताका आला की मग तर विचारूच नका.

तुताका म्हणजे वर्षातली घरोघरची तपासणी. आरोग्य खात्याची माणसं आणि गावातले मोठे लोक प्रत्येक अंगणात शिरून टाकी, पन्हाळी, डुकरांची जागा सगळं बघतात, आणि चांगल्या अंगणाचं नाव सगळ्यांसमोर घेतात. ते येण्याआधी मावशीचा स्वतःचा तुताका होतो. कुणाच्याही आवारात शिरेल, पाणी साचलेली करवंटी पायाने उडवेल आणि घरातल्या बाईला चार शब्द सुनावून पुढे जाईल. हात लावत नाही ती फक्त कबरींना. त्यांना कुणीच लावत नाही. आमची माणसं आमच्याच अंगणात, दारासमोर झोपलेली असतात. ज्याची कबर त्याने बघायची. परक्या कबरीवरचं फूलसुद्धा उचलायचं नाही, हे आम्हाला चालायला यायच्या आधी कळतं.

मावशीच्या अंगणात तिचा नवरा आहे, तुतेरू. मालवाहू जहाजावर खलाशी होता. किरिबाटी बेटांवरून एकदा त्याने टबाएवढा थोरला शिंपला आणला होता, चौघांनी मिळून बोटीतून उतरवलेला. मोएरोआ जन्मली तेव्हा तिची पहिली अंघोळ त्याने स्वतः त्याच शिंपल्यात घातली. तो गेल्यावर मावशीने शिंपला त्याच्या उशाशी ठेवला. त्यात पाणी, पाण्यावर चाफ्याची आणि जास्वंदीची फुलं. रोज संध्याकाळी घरातून तांब्याभर पाणी आणून त्यात ओतायची आणि कठड्यावर बसून त्याला दिवसभराच्या चहाड्या सांगायची.

"जन्मभर पाण्यावर राहिला गं," म्हणायची. "आता कोरडं कसं ठेवू त्याला?"

तर झालं काय, मोएरोआच्या फोननंतर थोड्याच दिवसांत आमच्या गल्लीत डेंग्यू शिरला. पहिला पडला तो माझा नवरा, पुना. सरसर माडावर चढणारा माणूस, आणि आता अंथरुणातून मान उचलवेना.

"रूता," कण्हत म्हणाला, "माझी हाडं कुणी काढून नेली का गं?"

नर्स आली. गोळी फक्त पॅरासिटामॉलची द्यायची, अंगदुखीची दुसरी कुठलीही नाही, असं बजावलं. शहाळं पाजायला सांगितलं. आणि भर दिवसा त्याला मच्छरदाणीत कोंबलं. हा पांढऱ्या पट्ट्यांच्या पायांचा डास दिवसाच चावतो. आजाऱ्याला चावला की तोच ताप घेऊन दुसऱ्याकडे जातो. माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं, पण पुनासमोर मी दात काढून हसत बसले.

त्याच संध्याकाळी मावशीच्या घरातून आवाज आला नाही. मी घाबरले. ती गप्प म्हणजे काहीतरी भयंकर! गेले तर पायरीवर बसलेली.

"जावई नको म्हणतो," ती म्हणाली. "गल्लीत ताप आहे तोवर पोटुशीला पाठवणार नाही. बरोबरच आहे त्याचं. पण पोट वाढलं की विमानवाले तरी घेतील का तिला? मग कधी येणार ती?"

"जाईल गं ताप."

"जाईल नाही," मावशी उठली. "मी घालवते!"

आणि घालवायला निघाली की! दुसऱ्या दिवशी लांब बाह्यांचा, जाड, रविवारचा झगा घालून, पायांना डासांचं मलम फासून बाई स्कूटरवर स्वार. जुने टायर फाडले, बालद्या उपड्या केल्या, टाक्यांच्या तोंडाला जाळ्या बांधल्या. पन्हाळी साफ करायला स्वतः शिडीवर चढायला लागली तेव्हा मात्र सगळ्यांनी मिळून तिला खाली ओढलं. सगळी गल्ली हसत होती आणि तिच्यामागे धावतही होती. खरं सांगते, सणासारखं वाटत होतं.

मग ती माझ्या आवारात आली. पुनाची होडी कोरडी ठणठणीत, झाकलेली. मावशीने झाकण काढलं आणि होडी उलटवली ती नेमकी माझ्या अननसांवर.

"मावशी! अगं थेंब नव्हता तिच्यात!"

"मग तुझाच नवरा पहिला कसा पडला?" भर रस्त्यात, सगळ्यांदेखत! "कुठेतरी आहे तुझ्याकडे घाण. माझ्या पोरीचं येणं तुझ्या अंगणात अडकलंय, रूता!"

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली! नवरा आत तापाने फणफणतोय आणि ही बाई मला अस्वच्छ म्हणते! मी काय काय बोलले ते इथे सांगत नाही. पण नंतर त्याच रागात मी माझं अंगण असं घासलं, असं घासलं, की कुत्र्याला पाणी प्यायला वाटी उरली नाही. तिची दिवसातून दोनदा पाहणी चालूच, कुंपणापलीकडून मान उंच करून. मीही मुद्दाम पाठ करून उभी राहायची.

आणि तरी समोरच्या घरातली दोघं पडली. त्यांच्या शेजारचा म्हातारा पडला.

आता मला बोलायलाच हवं होतं. पुना उठून बसायला लागला त्या दुपारी मी तडक मावशीकडे गेले. भांडायलाच गेले होते, उगाच साळसूदपणा नको. दारातच थबकले. आत फोन चालू होता आणि मोएरोआचा आवाज बाहेरपर्यंत येत होता.

"आई, रडू नकोस ना. तिकीट रद्द करते मी. बाळ मोठं झालं की घेऊन येईन."

"हो गं, हो," मावशी म्हणत होती, इतकं हळू की मला तिचा आवाज ओळखू येईना.

माझं भांडण तिथेच विरलं. मी मागे येऊन तुतेरूच्या कठड्यावर बसले. घोट्याला काहीतरी डसलं. चापट मारली, तर पांढऱ्या पट्ट्यांचा! दुसरा कोपरावर. तिसरा मानेवर. ते येत होते माझ्या पाठीमागून. मी वळले. शिंपल्यात फुलं गच्च तरंगत होती, पाणी दिसतच नव्हतं. आणि मी, चालायला यायच्या आधी शिकलेलं सगळं विसरून, बोटाने एक फूल बाजूला सारलं.

अगं आई गं! पाणी नव्हतंच ते, नुसती वळवळ! काळ्या, वाकड्या, खालीवर नाचणाऱ्या अळ्याच अळ्या!

रोज ताजं पाणी ओतायची ना ती, म्हणून तिच्या लेखी ते ताजंच. खालचं जुनं पाणी कधी फेकलंच नव्हतं. तुतेरूचं पाणी कोण फेकेल?

"हात काढ!"

मावशी दारात उभी. डोळे लाल. "माझ्या नवऱ्याच्या फुलांना हात लावलास तू? एवढी हिंमत झाली तुझी?"

"मावशी, इकडे ये."

"आधी बाजूला हो!"

"ये म्हणते ना!" मीही ओरडले. "तुझी पोर कशात अडकलीय ते बघ!"

ती आली. वाकली. किती वेळ वाकून होती कोण जाणे. मग मटकन कठड्यावर बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "कुणाला कळायचं नाही, मावशी. आत्ता दोघी मिळून ओतून टाकू. मी कुणापाशी बोलणार नाही, देवाशप्पथ!"

 तिने हळूच मान उचलली आणि रस्त्याकडे बघायला लागली. समोरच्या अंगणात कबर, तिच्यावर काचेच्या बरण्यांत फुलं. त्याच्या पुढे दुसरी. गल्लीच्या टोकापर्यंत प्रत्येक दारात आपापली माणसं, आणि प्रत्येकाच्या उशाशी पाणी.

"आणि त्यांचं कोण ओतणार?" ती म्हणाली. "मी जाऊन हात लावू? मारतील मला. मी तुला मारणार होते आत्ता."

"मग?"

"उद्या रविवार आहे," ती म्हणाली आणि उठली. त्या शिंपल्यावर तिने घरातली मच्छरदाणी आणून घट्ट बांधली, एकही डास बाहेर पडायला नको म्हणून.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना संपली. पांढऱ्या हॅट घातलेल्या बायका बाहेर गप्पा मारत उभ्या होत्या, तेवढ्यात मावशी पायरीवर चढली. "सगळे माझ्या घरी चला! आत्ता!" जेवण असेल असं लोकांना वाटलं, खरंच सांगते, पुरुष तर पुढे धावले! आणि अंगणात येऊन बघतात तर बाई कबरीपाशी उभी, हात शिंपल्यावर.

"ताप रूताच्या अंगणातून आला असं मी ओरडत होते," ती म्हणाली. त्या दिवशी तिचा आवाज कापत होता, पण गल्लीच्या टोकापर्यंत गेला. "तो माझ्या घरातून आलाय. बघा. लाजू नका, जवळ येऊन बघा!"

एकेक जण वाकून बघून मागे सरला. 

"तुतेरू," ती कबरीकडे वळून म्हणाली, "मला माफ कर, राजा. पण तुझी पोर यायची आहे."

तिने जोर लावला. काठोकाठ भरलेला, वाळूत रुतलेला शिंपला हलेना. मी धावले, आणि माझ्यामागून पुना, अजून पाय लटपटत होते त्याचे, तरी आला. तिघांनी मिळून उलटवला. पाणी भसकन वाळूवर सांडलं, अळ्या तडफडायला लागल्या, आणि कुठून कुठून कोंबड्या धावत आल्या की हो! काय तुटून पडल्या! म्हातारा धर्मगुरूसुद्धा हसायला लागला. मग मावशी हसली, हसता हसता रडली, आणि सगळे आपापल्या घराकडे पळत सुटले. त्या दुपारी गल्लीत कुणी झोपलं नाही. "आमच्या आजीकडेपण आहेत!" "आमच्याकडे तर बरणी भरून!" अशा आरोळ्या चालल्या होत्या. बरण्यांत ओली वाळू भरून फुलं त्यात खोचली. मावशी दारोदार बघत फिरली, पण कुंपणाबाहेरून, हात मागे बांधून.

शेवटचा आजारी उठला. नवा कुणी पडला नाही. आम्ही दर सकाळी एकमेकींना विचारायचो, "कुणी?" "कुणी नाही!" नर्सने आनंदाने मान डोलावली, जावई हो म्हणाला, आणि मोएरोआ विमानवाले घेतील त्या अगदी शेवटच्या दिवसांत आली! अख्खी गल्ली विमानतळावर. गळ्यात इतके हार घातले की पोरीचं नाक तेवढं दिसत होतं. मावशीने काय केलं असेल? आधी पोरीच्या हातापायांना मलम फासलं, मग मिठी मारली.

नातू झाला. थोराड, काळ्याभोर केसांचा. नाळ नीरफणसाखाली पुरली. आणि मोएरोआ म्हणाली, "आई, बाबांचा शिंपला कुठाय? याला त्यातच अंघोळ घालायची."

घासून घासून पांढराफेक केलेला शिंपला कबरीपाशीच उपडा होता. सरळ केला, तळाशी थोडं कोमट पाणी ओतलं, आणि पोर त्यात पाय आपटायला लागलं. आम्ही सगळ्या नुसत्या चेकाळलो होतो! टॉवेलात गुंडाळलं, मुके घेतले, आणि त्याला घेऊन गलका करत घराकडे निघालो.

"ए! थांबा! पाणी कोण ओतणार?"

मावशी एकटीच मागे राहिली होती. मी मदतीला वळले, पण तिने हाताने नको म्हटलं. पोटाशी कवटाळून शिंपला तिने एकटीने कलता केला. नातवाच्या अंघोळीचं पाणी तुतेरूच्या अंगावरून, फुलांमधून, नीरफणसाच्या मुळाशी गेलं आणि जिरून गेलं. तिने आपल्या झग्याच्या घोळाने शिंपला आतून कोरडा पुसला आणि उपडा ठेवला.

"घे," ती तुतेरूला म्हणाली. "उद्या पुन्हा देते."