कुरवंड्याचा भोंगा

कुरवंड्याच्या वरच्या वाडीत पावसाळाभर झऱ्याची पाळी असायची. रोज सकाळी एका घरानं डोंगरातल्या झऱ्यावर जायचं, तांब्या भरून आणायचा आणि देवळाच्या पायरीवर ठेवायचा. पाणी नितळ असलं की ज्यानं त्यानं आपापल्या कामाला लागायचं. तांबडं, गढूळ आलं तर डोंगर आतून सुटायला लागला असं समजून गुराढोरांसकट खालच्या शाळेत मुक्काम हलवायचा. यात शिकलेला-अडाणी असा भेद नव्हता. कैलासची सृष्टीसुद्धा बारावीपर्यंत घरची पाळी डोळ्यांत तेल घालून करायची.

तिचं यंत्र निघालं ते त्या तांब्यातूनच. पुण्याला विद्यापीठात भूगर्भशास्त्र शिकताना तिनं उतारात पुरायच्या कांड्या तयार केल्या. माती सरकू लागली की देवळावरचा भोंगा वाजणार. वाडीला केवढा अभिमान! पहिल्याच पावसाळ्यात पाळी बंद पडली. "यंत्र हाय की आता," म्हणत शेजारच्या अंबूबाईनं तांब्या फळीवर चढवून ठेवला.

मग ती स्पर्धा आली, संशोधकांना आणि विद्यार्थ्यांना कंपनी काढायला निधी देणारी. पहिल्या फेरीत परीक्षकांनी विचारलं, गावाचा विश्वास आहे का? सृष्टी म्हणाली, "गावानं जुनी पद्धतच सोडून दिली." टाळ्या पडल्या. खरं तर तिथंच कुणाच्या तरी काळजात धस्स व्हायला हवं होतं. एवढी शिकलीसवरली माणसं, पण एकालाही झालं नाही.

दुसऱ्या फेरीत गुण कापले गेले. भोंगा दोनदा वाजला होता आणि डोंगर जागचा हलला नव्हता. "लांडगा आला रे आला असं झालं तर पैसे कोण लावेल?" तिचे मार्गदर्शक सत्यम सर म्हणाले. सरांनी अंतिम फेरीसाठी देव पाण्यात ठेवले होते. सृष्टीनं वसतिगृहात बसूनच यंत्राला आवर घातला. आता बरीच माती सरकल्याशिवाय भोंगा वाजणार नव्हता. वाडीला कळवायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे तिनं राहू दिलं.

अंतिम फेरी लोणावळ्यातल्या एका बड्या हॉटेलात होती. पावसानं आठवडाभर उघडीप दिली नव्हती. काचेतून डोंगर दिसायचा, तिथं नुसता पांढरा ढग. पुढचं नाव तिचंच होतं, तेवढ्यात वडिलांचा फोन आला.

"सृष्टे, अंबूबाई सहज झऱ्याकडं गेलती. पानी लाल हाय गं. गेरूवानी."

"मग निघा ना, अप्पा!"

"कुनी हलंना. म्हनत्यात, भोंगा कुटं वाजलाय? पोरीचं यंत्र खोटं बोलत न्हाई. तू तितनं वाजव की."

वाजवता येत होता. लॅपटॉपवरचं एक बटण दाबायचं काम. पण मंचावरच्या मोठ्या पडद्यावर तिची वाडी हिरवी, म्हणजे सुरक्षित, दिसत होती. परीक्षकांदेखत ती लाल झाली आणि डोंगर उभाच राहिला, तर हा तिसरा खोटा इशारा. सगळ्या मेहनतीवर पाणी.

"दहा मिनिटं, अप्पा. माझं बोलून झालं की लगेच वाजवते."

"बरं. तू म्हनतीस तर थांबतो," कैलास म्हणाला.

ती बोलली, आणि झकास बोलली. शेवटचं वाक्य संपताच तिनं बटण दाबलं. काहीच बदललं नाही. पुन्हा दाबलं. वाडी हिरवीच. मग तिला आठवलं. वाडीतल्या यंत्राशी संपर्क तुटला तरी पडदा शेवटची खबर तशीच दाखवत राहायचा. तशी सोय तिनंच केली होती, परीक्षकांसमोर पडदा मध्येच काळा पडून शोभा होऊ नये म्हणून.

सत्यम सर उभं राहून टाळ्या वाजवत होते. अप्पांचा फोन लागत नव्हता. ती तशीच धावत बाहेर पडली, मिळेल त्या रिक्षात बसली. स्पर्धेचं ओळखपत्र गळ्यातच होतं. कुरवंड्याच्या रस्त्यावर पोलिसानं रिक्षा अडवली.

"पुढं रस्ता न्हाई, ताई. डोंगर खाली आलाय."

"वरची वाडी?"

त्यानं मान खाली घातली.

"भोंगा वाजला का हो? भोंगा तरी वाजला का?"

"कसला भोंगा?" पोलीस म्हणाला.