मावशीची उन्हावरची मोटर

माझी मावशी शिलाईकाम करते आणि हट्टात कुणाला हार जात नाही. गावाबाहेरच्या घरात ती एकटी राहते. वीज गेली की विहिरीवरची मोटर बंद, मग दोरीनं कळशी ओढायची. यंदा तिचा खांदा आखडला आणि शहरातल्या तिच्या मुलानं, म्हणजे आमच्या दादानं, फर्मान काढलं, "आई, आता बास. माझ्याकडे राहायला यायचं." म्हणजे मशीन, गिऱ्हाइकं, हक्कानं भांडायच्या शेजारणी, सगळंच सोडायचं. मावशी माझ्यापाशी येऊन चक्क रडली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "वायरमनला बोलव."

वायरमननं न्हाणीघराच्या ठेंगण्या छपरावर सौर पॅनल बसवलं, विहिरीत छोटा पंप सोडला. बॅटरी मावशीनं उडवूनच लावली. "दिवसा उन्हानं टाकी भरायची, रात्री वापरायची. पाण्याला खाली उतरायला वीज कशाला लागते?" टाकीखालचा ओटा तिनं उंच बांधून घेतला आणि गवंड्यावर भरवसा न ठेवता शिलाईच्या टेपनं स्वतः मोजला. गवंड्याच्या नाकी नऊ आले. मी मध्ये पडले, तर मलाच टेपचं दुसरं टोक धरायला लावलं.

मग वादळात विजेचे खांब पडले आणि दादा-वहिनी गाडी घेऊन हजर. मावशीनं छातीठोकपणे सांगितलं, "उद्या संध्याकाळपर्यंत नळ आटला, तर मुकाट्यानं गाडीत बसेन." असली पैज मारायची काही गरज होती? पण हिच्या जिभेला हाड नाही.

सकाळी दादानं टाकीच्या पाण्यानं गाडी धुतली, वर मनसोक्त आंघोळ केली. नंतर वहिनी भांडी घासायला उभी राहिली आणि नळानं दोन उचक्या देऊन मान टाकली. बाहेर रखरखीत ऊन, पंप मात्र गप्प.

"बघ, मी म्हणत होतो," दादा हळूच म्हणाला. त्याला आनंद झाला नव्हता, हे मान्य करते. मावशीनं आत जाऊन मशीनवर चादर टाकली. माझा जीव तुटला. मग बॅग भरायची म्हणून ती दोरीवरचे कपडे काढायला न्हाणीघरामागे गेली आणि तिथून अशी ओरडली की आम्ही तिघं धावत सुटलो.

दादाचा भला मोठा ओला टॉवेल पॅनलवर ऐसपैस पसरला होता.

"तिथं ऊन चांगलं होतं," दादा पुटपुटला.

"म्हणूनच तर ते तिथं बसवलंय, गाढवा!" मावशीनं टॉवेल ओढून त्याच्या अंगावर भिरकावला. विहिरीतून घरघर ऐकू आली, आणि टाकीत धार पडायला लागली. स्वयंपाकघरातला नळ सोडून मावशी त्याच्यापुढे उभीच राहिली. पाणी आलं तशी तिनं लहान पोरीसारख्या टाळ्या पिटल्या. मीही पिटल्या. लाज कसली?

टॉवेल आपलाच म्हणून दादानं पैज सोडली आणि संध्याकाळी मशीन पुन्हा खडखडत होतं. दादा गाडी वळवत होता, तेवढ्यात वहिनी दोन रिकामे कॅन घेऊन आत आली.

"आई, हे भरून घेऊ का?" ती जरा ओशाळून म्हणाली. "आमच्याकडे पाणी एक दिवसाआड येतं. उद्या कोरडाच दिवस आहे."

"घे की! हवं तेवढं घे," मावशी म्हणाली, पण शिवण सोडून उठली नाही. गाडीत तिच्यासाठी मोकळी ठेवलेली जागा होतीच. तिथं ते दोन कॅन बसले आणि शहराला गेले.