सोहाननं काय उचललं

मालसूनताईच्या तिखट, आंबवलेल्या किमचीला आमच्या मोक्फो गावच्या बाजारात तोड नव्हती, आणि तिच्या मोबाइलच्या वेडालाही. माझं सुक्या मासळीचं दुकान तिच्या दुकानाला लागूनच, त्यामुळे ही थेरं मला रोज बघावी लागत. नवरा गेल्यावर जीव रमावा म्हणून लेकीनंच तिला मोबाइल शिकवला. जीव इतका रमला, की गिऱ्हाईक समोर ताटकळायचं आणि ही मुळ्याच्या किमचीच्या फोटोला किती लाल बदाम मिळाले ते बघत बसायची.

"ताई, मुळा विकायचाय की त्याचं लग्न जमवायचंय?" मी विचारायची.

"जळतेस तू," म्हणून ती पुन्हा मान खाली घालायची.

मग एकदा तिनं नातवाच्या, सोहानच्या, आंघोळीचा व्हिडिओ साऱ्या जगाला दाखवला. लेक हेवन ग्वांगजूहून तणतणत आली. "आई, पुन्हा असं केलंस तर त्याला तुझ्या मांडीवर देणार नाही." हेवन बोलते ते करते. ताईचं तोंड उतरलं.

त्यानंतर मात्र तिनं मनावर घेतलं. मोबाइल दिवसभर माझ्या गल्ल्यात राहायचा. संध्याकाळी घ्यायचा, लेकीशी बोलायचं, नातवाला बघायचं, परत ठेवायचा. सुरुवातीला तिचे फार हाल झाले. कोबीला मीठ चोळताना हात मध्येच खिशाकडे जायचा आणि रिकामा परत यायचा. हळूहळू ती गिऱ्हाइकांशी बोलायला लागली, चक्क भांडायलाही लागली. मला बरं वाटलं.

सोहानच्या पहिल्या वाढदिवसाला ती मलाही घेऊन गेली. आमच्याकडे त्या दिवशी बाळापुढे धागा, पैसे, कुंचला असं मांडतात. बाळ जे उचलेल तसं त्याचं आयुष्य. हेवन हसून म्हणाली, "आई, शूटिंग तूच कर. पण आपल्या घरापुरतं हं." ताईचे डोळे भरून आले.

सोहान रांगत निघाला. "पैसे घे, पैसे!" "अरे, कुंचला घे!" नुसता गलका. तेवढ्यात ताईच्या मोबाइलवर कुणाचा तरी निरोप आला. शेजारून मीही वाचला. 'आजी, कुठे गायब झालात? नातू दाखवा की!' तिचा अंगठा तिकडे गेला. मी कोपर मारलं.

"एकच मिनिट," ती पुटपुटली. शूटिंग बंद पडलंय हे तिला कळलंही नाही.

टाळ्या कडाडल्या. ताईनं दचकून वर पाहिलं, तोवर जावयानं बाळाला उचलून उंच धरलं होतं. उचललेलं खाली पडून त्याचे हात पुन्हा रिकामे झाले होते.

"काय उचललं गं त्यानं?"

हेवन आईच्या हातातल्या मोबाइलकडे बघत राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं. "समोरच तर होतीस, आई," एवढंच म्हणाली आणि पाहुण्यांना सूप वाढायला गेली.

परतीच्या बसमध्ये मी सांगितलं, "धागा उचलला. उदंड आयुष्य आहे पोराला."

"उचलताना हसला का गं?"

"हसला."

ती रडायला लागली. मला तिची दया आली आणि रागही आला. एवढ्यात पर्समध्ये मोबाइल वाजला. तिनं पर्स माझ्या मांडीवर टाकली. "घट्ट धर. मी मागितला तरी देऊ नकोस."

मी दोन्ही हातांनी धरली. पुढचा थांबा यायच्या आत तिनं हात पुढे केला.

"हेवनचा असला तर?" ती म्हणाली.

मला देववेना, आणि ठेववेना.