सामासिक अंतर, सामायिक अक्कल

शिरूरला माझं ऑफिस आहे. दोन टेबलं, एक प्रिंटर आणि समोर चहाची टपरी. लोकांना घराचे प्लॅन काढून देणं आणि ते पास करून आणणं हा माझा धंदा. या धंद्यात प्लॅन अडकतात, किस्से मात्र धडाधड पास होतात! शिरूर आणि दौंड, दोन्ही तालुक्यांतली मंडळी ते नेमाने आणून देतात.

बांधकामाचे नियम कुठे मिळतात? सरकारच्या वेबसाइटवर, फुकट. आमच्याकडे मात्र ते मिस्त्रीकडे, टपरीवर आणि मेव्हण्याकडे मिळतात. मेव्हणा पुण्यात राहणारा असला तर मग विषयच संपला!

*

कवठे येमाईचे एक माजी ग्रामपंचायत सदस्य मोबाइल नाचवत आले. "मॅडम, आता परवानगी लागतच न्हाई. मेसेज आलाय!"

मी मेसेज वाचला. हिंदीत होता आणि नियम दुसऱ्याच राज्याचा होता. तसं सांगितलं.

"आसू द्या की. आपल्याकडं यील तवर माझा स्लॅब पडंल!"

*

भांडगावच्या एका बागायतदाराला हायवेला हॉटेल काढायचं होतं. माणूस शिकलेला, म्हणून मी त्याला नियमावलीची पीडीएफ पाठवली. म्हटलं, निदान पार्किंगचं तरी वाचा. काही दिवसांनी तो अख्खं बाड छापून घेऊन आला. लाल कापडी बाइंडिंग, वर सोनेरी अक्षरं! मला भरूनच आलं.

"वाचलंत?"

"न्हाई वो. पण बाइंडिंग कसं झालंय?"

पुढे हॉटेल उभं राहिलं. साहेब तपासणीला गेले तर पार्किंगच्या जागेत म्हशी बांधलेल्या.

"इथं पार्किंग दाखवलंय ना?"

"मग? पार्कच केल्यात की!"

*

सरकारी बाजूही काही कमी नाही. नियम बदलल्याचं कानावर आलं, म्हणून एका कार्यालयात विचारायला गेले. साहेब मान वर न करता म्हणाले, "वेबसाइटवर बघा."

तिथेच उभं राहून वेबसाइट उघडली. "अधिक माहितीसाठी कार्यालयाशी संपर्क साधावा." मी मोबाइल त्यांच्यापुढे धरला.

"मग बरोबर जागी आलात की," साहेब म्हणाले आणि चहाला गेले.

*

"मॅडम, ह्यो नियम लिव्हलाय कुठं?" असं विचारणारा माणूस मला आजवर एकच भेटला. तळेगाव ढमढेऱ्याचे आप्पा. मी पान काढून दिलं, त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं आणि घराच्या चारी बाजूंनी जागा सोडली. शेजारी बापूंचं घर. त्या बाजूला आप्पांच्या पत्नीच्या, म्हणजे काकूंच्या, स्वयंपाकघराची एकुलती एक खिडकी. "जुन्या घरात हिनं अंधारातच भाकरी थापल्या," आप्पा म्हणाले होते. "हितं तिला उजेड पायजे."

गाव हसलं. "आप्पा, जागा काय उंदरांना सोडली व्हय?"

परवानगीच्या पत्रात नेहमीची अट होती, 'सामासिक अंतरे कायम मोकळी ठेवावीत.' म्हणजे घर आणि हद्द यांच्यामधली, ज्याची त्याने आपल्याच प्लॉटमध्ये सोडायची जागा. आप्पांनी ते पत्र कौतुकाने बापूंना वाचायला दिलं. बापूंचा जन्म सातबाऱ्यात गेलेला. सामायिक विहीर, सामायिक बांध, सामायिक खातं. त्यांनी वाचलं, 'सामायिक अंतर.' म्हणजे दोघांचं!

आप्पा आणि काकू लेकीकडे गेले, तेवढ्यात बापूंनी त्या जागेत सिमेंटचा जिना उभा केला. अगदी खिडकीला खेटून.

गावात बैठक बसली. मी नियमावली घेऊन गेले. म्हटलं, "शब्द सामासिक आहे, सामायिक नाही."

"आन् मोकळी ठेवायची म्हनलंय, त्येचं काय?" आप्पांनी विचारलं.

"जिना मोकळाच हाय की," बापू म्हणाले. "दार लावलंय का त्याला?"

सरपंचांनी पत्र उजेडाला धरलं, पुन्हा पुन्हा वाचलं, मग खिशातलं पेन काढून 'सि' खोडला आणि वर 'यि' लिहिला. "छपाईची चूक हाय, मॅडम. सरकारी कामात व्हतंच."

सगळ्यांनी माना डोलावल्या! त्या माना आठवल्या की अजून माझं डोकं सणकतं. आप्पांनी वर तक्रार केली आहे, पण जिना जागचा हललेला नाही. काकू भरदुपारी बल्ब लावून भाकरी थापतात.

परवा बापू स्वतः माझ्या ऑफिसात आले. त्यांना वर मजला चढवायचा आहे, आणि या वेळी रीतसर प्लॅन पास करून हवा आहे. मी म्हटलं, "मग आधी तुमच्या बाजूनं सामासिक अंतर दाखवावं लागेल."

"माझ्यात नगा काढू, मॅडम," बापू म्हणाले. "आप्पाच्यात हाय की एक. दोघांना पुरतंय!"